घरकुलाचा पैसा आणि घराची जागा

शेतकीच्या मासिकांत घरबांधणीचा पाठ कशास, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. बियाणें, खतें, पाणी आणि बाजारभाव यांचा विचार करणारानें दुसऱ्याच्या घराची चौकशी कां करावी? यास आमचें उत्तर असें कीं, शेत हें केवळ मालकाच्या बळावर पिकत नाहीं. ज्यांच्या हातांनीं खुरपणी, कापणी व मळणी होते, त्यांतील पुष्कळ कुटुंबें पावसाळ्याच्या रात्री गळक्या छपराखालीं काढितात, आणि सकाळीं तींच माणसें आपल्या बांधावर कामास येतात. सरकार अशा कुटुंबांस घरें देण्यासाठीं प्रतिवर्षीं हजारों कोटि रुपये खर्च करितें. इतका पैसा खर्च होऊनहि गांवांतील सर्वांत गरीब माणूस पुष्कळदां मागेंच कां राहतो, हें समजून घेणें हा या पाठाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें प्रथमच थोडक्यांत सांगतों. घरकुल योजनेंत भिंतींस पैसा आहे, छपरास आहे, शौचकूपासहि आहे. परंतु त्या भिंती ज्या जमिनीवर उभ्या राहावयाच्या, त्या जमिनीची तजवीज पुरेशी नाहीं. ज्यास जागा आहे त्याचें घर होतें. ज्यास जागा नाहीं त्याचें नांव यादींत राहतें. ही उणीव दिल्लीस बसून भरून निघणारी नाहीं. ती गांवांतच, आणि बव्हंशीं जमीनधारक शेतकऱ्यांच्या हातूनच, भरून निघेल.

१. मागील इतिहास

स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिलीं पंचवीस वर्षें खेड्यांतील घरांच्या प्रश्नाकडे सरकारचें फारसें लक्ष गेलें नाहीं. फाळणीमुळें निर्वासित झालेल्या लोकांच्या घरांचें काम प्रथम हातीं घ्यावें लागलें. १९६० च्या सुमारापर्यंत तें चाललें, आणि त्यांत सुमारें ५ लक्ष कुटुंबांस निवारा मिळाला. परंतु हें काम मुख्यतः उत्तर हिंदुस्थानांत झालें. खेड्यांसाठीं म्हणून निराळी योजना १९५७ सालीं समाजविकासाच्या कार्यक्रमांत निघाली. तींत व्यक्तींस व सहकारी संस्थांस घरामागें जास्तींत जास्त ५,००० रुपये कर्ज मिळत असे. ही मदत कर्जाची होती, अनुदानाची नव्हती, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. ज्याजवळ तारण नाहीं व ज्यास परतफेडीची ऐपत नाहीं, तो कर्जाच्या योजनेजवळ जाऊं शकत नाहीं. पांचवी पंचवार्षिक योजना संपेपर्यंत साऱ्या देशांत या कर्जांतून सुमारें ६७,००० घरें झालीं. म्हणजे दर आठ खेड्यांमागें कसेंबसें एक घर पडलें.

चौथ्या पंचवार्षिक योजनेंत घराची जागा व बांधकामास मदत अशी दुहेरी योजना काढण्यांत आली. ती १९७४-७५ पासून राज्यांकडे सोंपविली गेली. पुढें १९८० व १९८३ सालीं सुरू झालेल्या ग्रामीण रोजगाराच्या योजनांत घरें बांधण्यास मुभा मिळाली, आणि १९८५-८६ सालीं अनुसूचित जाति, अनुसूचित जमाति व वेठबिगारींतून मुक्त झालेले मजूर यांच्यासाठीं इंदिरा आवास योजना सुरू झाली. १९८९ सालीं ती जवाहर रोजगार योजनेचा भाग झाली, व त्या योजनेच्या पैशांतील शेंकडा ६ भाग घरांसाठीं राखण्यांत येऊं लागला. १९९३-९४ पासून इतर गरीब कुटुंबांचाहि समावेश करून हा भाग शेंकडा १० करण्यांत आला. १ जानेवारी १९९६ पासून ही योजना स्वतंत्र झाली.

सपाट प्रदेशांतील घरामागें मिळणारें अनुदान २००८ सालीं ३५,००० रुपये, २०१० सालीं ४५,००० रुपये व २०१३ सालीं ७०,००० रुपये झालें. २०१६ सालीं तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण विभाग आला, आणि ही रक्कम सपाट प्रदेशांत १,२०,००० व डोंगराळ प्रदेशांत १,३०,००० रुपये ठरली. कर्जाकडून अनुदानाकडे व थोड्यांकडून पुष्कळांकडे असा हा साठ वर्षांचा प्रवास आहे, आणि तो योग्य दिशेनें झाला, असें आम्ही मानितों.

२. पैसा कोठून येतो

सरकारी खर्चाचा विचार करितांना एक भेद मनांत पक्का ठेवावा. घोषणेंतील आंकडा, अंदाजपत्रकांतील तरतूद, आणि लाभार्थ्याच्या खात्यांत प्रत्यक्ष पडलेली रक्कम, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. वर्तमानपत्रांत पहिली वाचावयास मिळते. घर मात्र तिसरीनेंच उभें राहतें.

२०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत १ कोटि घरें बांधण्यासाठीं १,३०,०७५ कोटि रुपये खर्च धरण्यांत आला होता. त्यांत केंद्राचा वांटा ८१,९७५ कोटि होता. पण तोहि सगळा त्या त्या वर्षाच्या उत्पन्नांतून यावयाचा नव्हता. ६०,००० कोटि अंदाजपत्रकांतून व उरलेले २१,९७५ कोटि नाबार्डमार्फत कर्जाऊ उभारावयाचे असें ठरलें होतें. शेतकऱ्यास कर्जाचा स्वभाव समजावून सांगण्याची गरज नाहीं. आज घर लवकर उभें राहतें, पण हप्ता उद्यांच्या उत्पन्नांतून फेडावा लागतो. सरकारचेंहि तसेंच आहे.

पुढें एकूण उद्दिष्ट २ कोटि ९५ लक्ष घरांचें झालें, व मुदत मार्च २०२४ पर्यंत वाढली. ऑगस्ट २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२४-२५ ते २०२८-२९ या पांच वर्षांसाठीं आणखी २ कोटि घरांस मान्यता दिली. मागील टप्प्यांतील अपुरीं राहिलेलीं सुमारें ३५ लक्ष घरें पुरीं करणें हेंहि त्यांतच आलें. या सर्वांसाठीं ३,०६,१३७ कोटि रुपये धरण्यांत आले. त्यांपैकीं केंद्राचे २,०५,८५६ कोटि व राज्यांचे १,००,२८१ कोटि.

केंद्र व राज्य यांच्या वांट्याचें सर्वसाधारण प्रमाण ६० व ४० असें आहे. ईशान्येकडील व हिमालयांतील राज्यांत तें ९० व १० आहे. वरील आंकड्यांत केंद्राचा भाग शेंकडा ६० ऐवजीं ६७ च्या घरांत दिसतो, त्याचें एक कारण हेंच. महाराष्ट्रांतील सपाट प्रदेशांत एका घराच्या १,२०,००० रुपयांत ७२,००० केंद्राचे व ४८,००० राज्याचे असतात. दोघांपैकीं एकाचा वांटा उशिरां आला तरी गवंड्याचें काम थांबतें, आणि उघड्या भिंती पावसांत उभ्या राहतात.

३. एका घराचा हिशेब

आतां एकाच घराचा हिशेब मांडूं. योजनेप्रमाणें घराचें क्षेत्र निदान २५ चौरस मीटर असावें लागतें, व त्यांत स्वयंपाकाची स्वच्छ जागाहि धरलेली आहे. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट. १,२०,००० रुपयांस २६९ नें भागिलें असतां दर चौरस फुटास सुमारें ४४६ रुपये येतात. आपल्या गांवच्या गवंड्यास विचारून पाहावें. पाया, जोतें, विटा, सिमेंट, लोखंड, दारें-खिडक्या, पत्रे अथवा स्लॅब हें सर्व या दरांत कोण करून देईल?

याशिवाय आणखी कांहीं मदत मिळते, ती धरिली पाहिजे. महाराष्ट्र सरकारनें २०२५ सालीं ५०,००० रुपयांची भर घातली. त्यांतील ३५,००० बांधकामासाठीं व १५,००० छतावरील सौर संचासाठीं आहेत. शौचकूपासाठीं १२,००० रुपयांची निराळी तरतूद आहे. स्वतःच्या घरावर राबल्याबद्दल सपाट प्रदेशांत रोजगार हमीच्या कायद्याखालीं ९० दिवसांची मजुरी ठेविलेली होती. २०२५-२६ सालच्या ३१२ रुपये रोजानें ती २८,०८० रुपये होते. सौर संच सोडून बेरीज केली तर १,२०,००० अधिक ३५,००० अधिक १२,००० अधिक २८,०८० मिळून १,९५,०८० रुपये होतात, आणि दर चौरस फुटास सुमारें ७२५ रुपये पडतात. हा आंकडा पहिल्यापेक्षां बरा आहे. परंतु तो चार निरनिराळ्या खिडक्यांतून, चार निरनिराळ्या वेळीं हातीं येतो, हें विसरतां कामा नये.

दुसरी गोष्ट महागाईची. १,२०,००० हा आंकडा २०१६ सालीं ठरला, आणि २०२४ सालीं योजना पुढें चालू ठेवितांना तोच कायम राहिला. केवळ हिशेबासाठीं असें धरूं कीं, बांधकामाच्या मालाचे भाव वर्षास शेंकडा ५ या दरानें वाढले. तर २०१६ सालीं १,२०,००० रुपयांत होणारें काम आठ वर्षांनीं सुमारें १,७७,००० रुपयांचें होतें. राज्याची ३५,००० ची भर घातली तरी आपण १,५५,००० वरच येतों. जो आंकडा वर्षानुवर्षें हालत नाहीं, तो दिसण्यांत कायम असला तरी वस्तुतः दरसाल घटत असतो.

पैसा एकरकमी मिळत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. मंजुरीबरोबर पहिला हप्ता पडतो, व पुढील हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणें येतात. प्रत्येक टप्प्याचें छायाचित्र स्थळाच्या नोंदीसह घेतलें जातें, आणि रक्कम लाभार्थ्याच्या खात्यांत परस्पर जमा होते. ही पद्धति चांगली आहे. मधल्या माणसाचे हात तिनें पुष्कळ आंखडले आहेत. परंतु ज्याच्या हातीं चार पैसे आगाऊ नाहींत त्यास जोत्यापर्यंतचें कामहि उसनवारीनें करावें लागतें, आणि त्या उसनवारीचें व्याज कोणत्याहि अनुदानांत धरलेलें नसतें.

४. यादींत नांव कसें येतें

२०११ सालच्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेंत देशांतील १७ कोटि ९१ लक्ष ग्रामीण कुटुंबांची नोंद झाली. त्यांपैकीं २ कोटि ३७ लक्ष कुटुंबें कच्च्या भिंती व कच्चें छप्पर असलेल्या एकाच खोलींत राहत होतीं. अंगमेहनतीच्या मोलमजुरीवर मुख्यतः जगणारीं भूमिहीन कुटुंबें ५ कोटि ३७ लक्ष, म्हणजे शेंकडा जवळजवळ ३० होतीं. येथें एक सूचना करितों. या गणनेंत भूमिहीन म्हणजे शेतजमीन नसलेला. त्यास घराची जागाहि नाहीं असा अर्थ होत नाहीं. परंतु ज्यास शेत नाहीं त्यास निदान गांवठाणांत जागा तरी आहे कीं नाहीं, हें त्याच्या दारीं जाऊनच पाहावें लागतें.

या गणनेवरून, व पुढें २०१८ पासून झालेल्या पाहणीवरून, याद्या तयार झाल्या. यादी ग्रामसभेपुढें वाचली जाते. पक्कें घर असणारा, सरकारी नोकर, आयकर भरणारा असे लोक वगळले जातात. आमच्या वाचकांशीं संबंध असलेल्या अटी अशा: किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये किंवा अधिक असल्यास कुटुंब वगळलें जातें. नव्या टप्प्यांत २.५ एकर किंवा अधिक बागाईत, अथवा ५ एकर किंवा अधिक जिराईत जमीन असल्यासहि वगळलें जातें. उलट दुचाकी गाडी असण्याची अट नव्या टप्प्यांत काढून टाकिली आहे, व घरांतील मिळकतीची मर्यादा महिना १०,००० वरून १५,००० रुपयांवर नेली आहे. घर शक्यतों बाईच्या नांवें अथवा पतिपत्नींच्या जोड नांवें मंजूर होतें.

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें जी अकरावी अनुसूची जोडली गेली, तींत पंचायतींच्या विषयांमध्यें ग्रामीण घरबांधणी हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे यादीचा न्यायनिवाडा करण्याचें स्थान ग्रामसभा हेंच होय. आमच्या अनुभवानें सांगतों कीं, ज्या सभेस पंचवीस माणसें जमतात त्या सभेची यादी पंचवीसांची होते, आणि ज्या सभेस सारा गांव जमतो त्या सभेची यादी गांवाची होते.

५. जागेचा प्रश्न

पैसा आहे, यादींत नांव आहे. तरीहि घर होत नाहीं, असें कोठें घडतें? जेथें जागा नाहीं तेथें.

२००९ सालीं इंदिरा आवास योजनेंत घराच्या जागेसाठीं १०,००० रुपयांची मदत सुरू झाली. ती केंद्र व राज्य निम्मी निम्मी देत. २०१३ सालीं ही रक्कम २०,००० झाली. २०१६ च्या योजनेंत मात्र जागेसाठीं केंद्राची निराळी रक्कम राहिली नाहीं. भूमिहीन लाभार्थ्यास सरकारी, पंचायतीच्या अथवा अन्य सार्वजनिक जमिनींतून जागा देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यांत आली. महाराष्ट्रांत २०१५ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नांवें जागाखरेदीस मदत देणारी योजना आहे. तींत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठीं प्रथम ५०,००० रुपयांपर्यंत मदत मिळे; २०२४ सालीं ही मर्यादा १ लक्ष रुपये झाली. फेब्रुवारी २०२५ मध्यें राज्यांत एकाच वेळीं २० लक्ष घरांचीं मंजुरीपत्रें देण्यांत आलीं. इतक्या घरांस मंजुरी मिळाल्यावर जागेचा प्रश्न किती तीव्र होतो, हें वाचकांनीं ताडावें.

मग जागा कोठें आहे? गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनें जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आहे. परंतु अनेक गांवांचीं गांवठाणें आजोबांच्या काळीं जेवढीं होतीं तेवढींच आहेत, आणि माणसें मात्र कित्येक पटींनीं वाढलीं. एका वाड्याचे चार भाग झाले, आणि शेवटच्या भावानें गायरानांत खोपट टाकिलें. गायरान हें गुरांच्या चाऱ्यासाठीं राखलेलें. २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गांवच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कबजे उठविण्याचा आदेश दिला. त्याच निकालांत, भूमिहीन मजूर अथवा अनुसूचित जातिजमातींतील लोकांस सरकारी आदेशानें रीतसर दिलेल्या जागांसारख्या अपवादांस जागा ठेविली आहे. पुढें राज्य सरकारनें १ जानेवारी २०११ पूर्वींचीं निवासी अतिक्रमणें अटींवर नियमित करण्याची तरतूद केली. परंतु गायरान संपलें तर गुरें कोठें चरावीं, हा प्रश्न आपणां शेतकऱ्यांचाच आहे. तेव्हां प्रत्येक बेघराचें बोट गायरानाकडे दाखवून मोकळें होणें, हा उपाय नव्हे.

६. आमच्या हातचें एक प्रकरण

येथें आमच्या नोकरींतील एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. एका तालुक्याच्या कचेरींत आम्ही कारकून असतां, २०१८ च्या सुमारास, एका शेतमजूर कुटुंबाचें प्रकरण आमच्या मेजावर आलें. यादींत नांव होतें. ग्रामसभेचा ठराव होता. कुटुंब खरोखरच गरजू होतें. बारा वर्षें तें एका बागाईतदाराच्या मळ्याच्या कोपऱ्यांत, उसाच्या पाचटाच्या छपरांत राहत होतें. घर मंजूर होण्यास अडचण एकच होती; पायाखालची जमीन दुसऱ्याची.

बागाईतदार भला माणूस होता. तो स्वतः कचेरींत आला, आणि म्हणाला, "रावसाहेब, अर्धा गुंठा मी त्यांच्या नांवें करून देतों, पैसे सुद्धां नकोत. फक्त कागद करून द्या." आम्हीं कायदा काढून पाहिला. १९४७ सालच्या तुकडेबंदीच्या कायद्याप्रमाणें प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा करून हस्तांतर करण्यास मनाई होती. आम्हीं टिपणी लिहिली कीं, मागितलेलें क्षेत्र प्रमाणभूत क्षेत्रापेक्षां कमी असल्यानें प्रस्ताव मान्य करतां येत नाहीं. वरिष्ठांनीं सही केली. प्रकरण दप्तरीं गेलें.

टिपणींत कायद्याची चूक नव्हती. तो कायदा शेतीच्या हितासाठींच झाला होता. तुकडे तुकडे होऊन जमीन नापीक होऊं नये हा त्याचा हेतु. परंतु अर्धा गुंठा म्हणजे ५४४ चौरस फूट. तेवढ्यानें त्या मळ्याचें उत्पन्न कमी झालें नसतें, आणि तेवढ्यावर एक घर उभें राहिलें असतें. ते लोक त्या वर्षीं दिवाळीनंतर ऊसतोडीस गेले. परत आले तेव्हां त्यांच्या नांवचें घर जागेअभावीं मागें पडलें होतें, व यादी पुढें सरकली होती. नोकरी संपल्यावर ज्या थोड्या टिपणींची आठवण राहिली, त्यांत ही एक आहे. ती लिहितांना आम्ही दुसरा मार्ग सुचविला असता तर बरें झालें असतें. पण कारकुनाची लेखणी नियमाच्या ओळीपाशीं थांबते, आणि आमचीहि थांबली.

आतां ती अडचण दूर झाली आहे, म्हणूनच हें लिहितों. मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नियमांत बदल करून विहीर व शेतरस्ता यांच्याप्रमाणेंच ग्रामीण घरकुलासाठींहि लहान तुकड्याचें हस्तांतर करण्यास वाट करून दिली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनें प्रत्येक लाभार्थ्यास १,००० चौरस फुटांपर्यंत जागा देतां येते. ही गोष्ट आमच्या सभासदांपैकीं फार थोड्यांच्या कानांवर गेली असेल, असा आमचा समज आहे.

७. एका एकराचा हिशेब

एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सबब एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यांतून रस्ते, गटारें व मोकळी जागा यांसाठीं शेंकडा ४० भाग वगळला तर २६,१३६ चौरस फूट उरतात. ५०० चौरस फुटांची एक जागा धरिली तर ५२ कुटुंबें एका एकरांत बसतात. बहुतेक लहान गांवांतील जागा नसलेल्यांची संख्या याहून कमीच भरेल.

शासनाची जागाखरेदीची मदत जागेच्या किंमतीइतकी, पण १ लक्ष रुपयांच्या मर्यादेंत असते. म्हणजे जमीनधारकाकडे दानधर्म मागावयाचा नाहीं; योग्य किंमतीस जमीन देण्यास तयार असणारा माणूस हवा आहे. एक-दोन कुटुंबांचा प्रश्न असेल तर वर सांगितलेल्या १,००० चौरस फुटांच्या नियमानें काम भागेल. संपूर्ण एकराची वसाहत करावयाची तर आंखणीची रीतसर मंजुरी घ्यावी लागेल. हा विचार नवा नाहीं. राज्याच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेंत भटक्या व विमुक्त कुटुंबांस प्रथम ५ गुंठे जागा व तिच्यावर २६९ चौरस फुटांचें घर, असा क्रम ठेविलेला आहे. आधीं जागा, मग घर. हाच क्रम खरा.

८. दोन शंका

पहिली शंका अशी कीं, मजुरास जागा दिली तर तो कूळ म्हणून हक्क सांगेल. १९४८ च्या कूळकायद्यापासून ही भीति जमीनधारकांच्या मनांत घर करून बसली आहे. आमचें म्हणणें असें कीं, हक्काची भीति तोंडी व्यवहारांत असते, नोंदलेल्या खरेदीखतांत नसते. मळ्याच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें कागदाशिवाय राहूं देणें हेंच उलट दोघांसहि धोक्याचें आहे. ठराविक ५०० किंवा १,००० चौरस फुटांचें खरेदीखत झालें, मोजणी झाली व फेरफार नोंदला गेला, म्हणजे एकाची हद्द व दुसऱ्याचा हक्क दोन्ही स्पष्ट होतात.

दुसरी शंका लोक उघड बोलत नाहींत. मजुराचें स्वतःचें घर झालें तर तो आपल्या मळ्यावर बांधलेला राहणार नाहीं, असें कांहींच्या मनांत असतें. ही शंका खरी आहे. तो बांधलेला राहणार नाहीं. परंतु छपराच्या धाकानें कामास येणारा मजूर आणि रोजाच्या योग्य दरानें कामास येणारा मजूर, यांत कोणाचें काम चांगलें होतें, हें प्रत्येक अनुभवी शेतकरी जाणतो. ज्याचें घर गांवांत आहे, त्याचीं मुलें गांवच्या शाळेंत राहतात, आणि तो पेरणीच्या दिवसांत गांव सोडून जाण्याचें टाळतो.

९. सभासदांनीं काय करावें

या पाठाचें फळ कृतींत दिसावें म्हणून पुढील सूचना करितों.

पहिली: पुढील ग्रामसभेंत घरकुलाची यादी मोठ्यानें वाचून घ्यावी, आणि ज्यांस जागा नाहीं त्यांचीं नांवें निराळीं काढून ठरावांत लिहावीं. बेघर कोण आणि बेजागा कोण, हें वेगळें समजल्याशिवाय पुढचें पाऊल पडत नाहीं.

दुसरी: ज्यांस गांवठाणांत जागा आहे पण कागद नाहीं, त्यांस ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा तपासून पाहण्यास मदत करावी. एप्रिल २०२० मध्यें सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गांवठाणाची ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात; आपल्या गांवीं मोजणी झाली असल्यास ती पत्रिका तपासून चुका वेळींच दुरुस्त करून घ्याव्या.

तिसरी: ज्यांच्या मळ्यांत मजूर कुटुंबें कागदाशिवाय राहतात, त्यांनीं तलाठ्यास, म्हणजे हल्लींच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, भेटून १,००० चौरस फुटांच्या नियमाखालीं अर्ज कसा करावा तें विचारावें. कचेरींत प्रथम नाहीं म्हटलें गेलें तर नाउमेद होऊं नये; नकार लेखी मागावा व त्यांतील नियम वाचावा. पुष्कळदां नकार जुन्या नियमावर लिहिलेला असतो.

चौथी: आपल्या संस्थेनें गांवठाणाजवळची जमीन वाजवी किंमतीस देण्यास तयार असलेल्या सभासदांची नोंद ठेवावी, व ती पंचायत समितीच्या घरकुल विभागाकडे पाठवावी. विकणारा व घेणारा यांची गांठ पडत नाहीं म्हणूनहि मंजूर मदत पडून राहते.

पांचवी: घर मंजूर झालेल्या कुटुंबास पहिल्या जोत्यापुरती उसनवारी बिनव्याजी देतां आली तर द्यावी, अथवा बैलगाडी, ट्रॅक्टर, पाणी यांची मदत करावी. वाळूचा प्रश्न निराळा आहे. २०२५ च्या राज्याच्या वाळू धोरणांत घरकुलाच्या लाभार्थ्यास ५ ब्रास वाळू विनामूल्य ठेविली आहे, म्हणजे ५०० घनफूट. ती मागून घेण्यास लाभार्थ्यास सांगावें.

तात्पर्य, सरकारचा पैसा हा पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाट गांवापर्यंत येतो. पण शेवटचें पाणी रानांत न्यावयाचें तर दंड आपणच काढावा लागतो. आमच्या त्या जुन्या प्रकरणांतील बागाईतदार अजून हयात आहे, आणि त्याच्या मळ्याचा तो कोपरा अजून तसाच पडला आहे, असें आमच्या कानीं आलें आहे. हा अंक हातीं पडतांच आम्ही त्यास नव्या नियमाचें पत्र लिहिणार आहों. वाचकांपैकीं ज्यांच्या मळ्यांत असा एखादा कोपरा असेल, त्यांनीं हेंच पत्र आपणांस लिहिलें आहे असें समजावें.